बारा एमएमच्या सळईत

अंबडला आमच्या घराचा स्लॅब पडायचा होता. त्याच्या आठ दिवस आधी जालन्याहून सळई आली. मधोमध दुमडलेली बंडलं गड्यांनी ट्रॉलीतून उतरवून अंगणात लावली. मिस्त्रींनी वजनकाट्याची पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गुरुजी, नग काढा." बारा एमएमची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते. बारा मीटरचा एक नग म्हणजे १० किलो ६६० ग्रॅम. एकूण वजनाला त्याने भागलं की नग किती आले ते कळतं, एकेक मोजत बसावं लागत नाही. बांधकामावरच्या पोरासोरांनाही हा हिशेब तोंडपाठ असतो.

नग निघाले, पण पेन माझ्या हातातच राहिलं. वजनावरून नग काढायची ही युक्ती सळईपाशीच थांबत नाही. लोखंडाच्या एका अणूचं वजन ठाऊक आहे. तेव्हा सळईच्या वजनाला त्याने भागलं की एका सळईत अणू किती, तेही त्याच पावतीच्या पाठीवर निघतं. ५५.८५ ग्रॅम लोखंडात ६०२२ पुढे वीस शून्यं इतके अणू असतात. मी आपल्या सळईचा भागाकार केला, आणि उत्तर लिहायला आपल्याकडे शब्दच नाही असं वाटून क्षणभर थांबलो.

शब्द आहे. खानदेशातल्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त संख्यांची नावं ओळीने दिली आहेत: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. लहानपणी मला वाटायचं, एवढी मोठी संख्या लागणार कुठे? ती अंगणात पडली होती. एका सळईत लोखंडाचे अणू साधारण ११५ कोटी परार्ध.

हा आकडा वाचून डोळे विस्फारतात, पण मनाला तो भिडत नाही. म्हणून मी सळईच्या कापलेल्या टोकावर कानस फिरवली आणि पडलेल्या चुऱ्यातला एक कण नखावर घेतला. मिलिग्रॅमभराचा असावा, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. त्यात सुमारे १०८ परार्ध अणू. २०११च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. भोकरदनपासून परतूरपर्यंत आणि बदनापूरपासून मंठ्यापर्यंतच्या या सगळ्या माणसांनी, तान्ह्या बाळांसकट, सेकंदाला एक या गतीने, न जेवता न झोपता, तेवढा एक कण मोजायला घेतला, तर मोजणी संपायला पावणेदोन लाख वर्षं लागतील. मी नख झटकलं तेव्हा तो कण कुठे पडला तेही दिसलं नाही.

अणूच्या आकाराचंही तसंच. लोखंडात दोन शेजारी अणूंच्या मध्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या ४० लाखाव्या भागाएवढं असतं. म्हणजे सळईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकामागे एक अणू लावले तर ४,८०० कोटी. प्रत्येक अणू फुगवून आपल्या शाळू ज्वारीच्या दाण्याएवढा, चार मिलिमीटरचा केला, तर तीच सळई १ लाख ९२ हजार किलोमीटर लांब होईल आणि चंद्राच्या वाटेवर बरोबर निम्म्यापर्यंत पोचेल. तिची जाडी होईल १९२ किलोमीटर.

इथवर अणू हा भरीव दाणा आहे असं धरून चाललो होतो. कणादांनी वैशेषिक दर्शनात ज्याचे आणखी भाग पडत नाहीत असा परमाणू मांडला, आणि १८९७पर्यंत युरोपातल्या शास्त्रज्ञांचीही समजूत फार वेगळी नव्हती. त्या वर्षी जे. जे. थॉमसन यांना अणूहून कितीतरी हलका इलेक्ट्रॉन सापडला. मग १९०९मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या वर्खासारख्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले, पण काही हजारांत एखादा आपटून मागे फिरला. त्यांचे गुरू रुदरफर्ड यांनी त्याचा अर्थ १९११मध्ये सांगितला: अणूचं जवळजवळ सगळं वजन त्याच्या मधोमध एका अतिशय लहान जागेत दाटलेलं आहे. ती जागा म्हणजे केंद्रक. त्यात धनभारित प्रोटॉन असतात, आणि १९३२मध्ये चॅडविक यांना सापडलेले, कोणताच भार नसलेले न्यूट्रॉन. भोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन.

लोखंडाच्या केंद्रकात २६ प्रोटॉन आणि बहुतेकदा ३० न्यूट्रॉन असतात, बाहेर २६ इलेक्ट्रॉन. केंद्रक किती लहान, ते सांगायला आपल्या जिल्ह्यात मोसंबीसारखं दुसरं माप नाही. सात सेंटिमीटरची एक मोसंबी घ्या आणि ती म्हणजे लोखंडाचं केंद्रक समजा. मग अणूची कड सुमारे ९५० मीटरवर येते. ही मोसंबी जालन्याच्या गांधी चमनात ठेवली, तर चारी दिशांना जवळजवळ एक किलोमीटर चालत जावं लागेल, तेवढंच वर आभाळात आणि तेवढंच खाली जमिनीत. नुसत्या जमिनीवरच्या वर्तुळाचाच हिशेब धरा: ते सातशे एकर भरतं. सहा बाय सहा मीटरवर झाडं लावली तर त्यात ८० हजारांच्या आसपास झाडं बसतील. सातशे एकरांची बाग, ८० हजार झाडं, आणि सगळ्या बागेत फळ एकच. बागेच्या एकूण वजनातलं ९९.९७ टक्के वजन त्या एका फळाचं.

उरलेल्या जागेत काय आहे? २६ इलेक्ट्रॉन. या मोजपट्टीवर एकेक इलेक्ट्रॉन केसाच्या जाडीच्या दहाव्या भागापेक्षाही लहान ठरतो. त्याहून लहान किती, ते मोजता आलेलं नाही, कारण आजवरच्या कुठल्याही प्रयोगात त्याला आकारच सापडलेला नाही. पाठ्यपुस्तकात ते सूर्याभोवतीच्या ग्रहांसारखे फिरताना दाखवतात. मीही फळ्यावर वर्षानुवर्षं तसंच चित्र काढलं, आणि आता मला ते चित्र पटत नाही. इलेक्ट्रॉन बागेत अमुक झाडाखाली आहे असं बोट दाखवता येत नाही. भल्या पहाटे दुधनेच्या काठावर धुकं पसरावं तसा तो सगळ्या बागेवर पसरलेला असतो, कुठे दाट, कुठे विरळ. म्हणून अणू पोकळ आहे हे म्हणणंही मला अर्धवट वाटतं. भरायला तिथे दाणे नाहीत हे खरं, पण जागा मोकळीही नाही.

सळईवर हात ठेवला तर तो आरपार का जात नाही, याचं उत्तर त्या धुक्यातच आहे. माझ्या तळव्याचे इलेक्ट्रॉन आणि सळईचे इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात, आणि एका इलेक्ट्रॉनच्या जागी, त्याच अवस्थेत, दुसरा येऊ शकत नाही हा निसर्गाचा नियम आहे. सळई टणक लागते ती या नकारामुळे. त्याउलट ज्यांना विद्युतभारच नाही आणि जे कशाच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, ते सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो सळईतून, माझ्या हातातून आणि खालच्या काळ्या पाषाणातून सरळ निघून जातात. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी. रात्रीही जातात, तेव्हा खालून वर.

आता एका पाव तोळ्याची गोष्ट. साडेदहा किलोच्या सळईत इलेक्ट्रॉन किती? अणूंच्या २६ पट, म्हणजे जवळजवळ तीन हजार कोटी परार्ध. त्या सगळ्यांचं मिळून वजन भरतं २.७ ग्रॅम, पाव तोळ्याच्या आसपास. स्लॅबचा भार पेलणारा टणकपणा, सळईची चमक, तिचं वाकणं, तिच्यातून वीज वाहणं, तिला गंज चढणं, हे सगळं त्या पाव तोळ्याचं काम. बाकीचे साडेदहा किलो आत केंद्रकांत बसून आहेत. आणि त्या सगळ्या केंद्रकांना एकमेकांना चिकटवून बसवता आलं, तर सगळी सळई मिलिमीटरच्या हजार भागांपैकी साडेतीन भाग लांबी-रुंदी-उंचीच्या कणात मावेल. डोळ्यांना न दिसणारा तो कण रक्तातल्या तांबड्या पेशीच्या निम्म्या रुंदीचा, वजन मात्र १० किलो ६६० ग्रॅम.

हाच पदार्थ ज्वारीच्या एका दाण्याएवढा घेतला तर त्याचं वजन सुमारे ५५ लाख टन होईल. २५ टन माल नेणारे ट्रक लावले तर २ लाख २० हजार ट्रक लागतील. प्रत्येकी दहा मीटर धरून पुढच्याला मागचा टेकवत उभे केले, तर जालन्यावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरवर नागपूर ते मुंबई तीन पूर्ण रांगा लागतील आणि तरी काही ट्रक उरतील. माल एवढाच: एक दाणा.

विजेच्या जोराचा हिशेब केला तेव्हा मात्र मी तो तीनदा तपासला. अशा दोन सळया वितळवून दोन लहान गोळे केले आहेत असं धरा. दोन्ही गोळ्यांतून दर दहा लाख इलेक्ट्रॉनांमागे एकच इलेक्ट्रॉन काढून घेतला आणि गोळे एक मीटर अंतरावर ठेवले. उरलेल्या धनभारामुळे ते एकमेकांना २१ हजार कोटी टन वजनाएवढ्या जोराने ढकलतील. सगळं जग मिळून वर्षाला सुमारे १९० कोटी टन पोलाद बनवतं; त्या हिशेबाने शंभराहून अधिक वर्षांचं पोलाद एका तराजूत घातल्यासारखं. अंगणातली बंडलं एकमेकांना टेकून निवांत पडली होती, कारण प्रत्येक २६ प्रोटॉनांसमोर २६ इलेक्ट्रॉन बरोबर जुळलेले होते. या जुळणीत दहा लाखांत एकाचीही चूक खपत नाही.

हे सगळं मी जालन्यात राहूनच शिकायला हवं होतं. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत अणूच्या आतल्या या रचनेचा वापर रात्रंदिवस चालतो. इंडक्शन भट्टीत कोळसा नसतो, ज्वाला नसते. भंगाराभोवती तांब्याच्या नळीची वेटोळी असतात, आणि त्यांतून वीज सेकंदाला काहीशे वेळा दिशा बदलत वाहते. तिचं चुंबकीय क्षेत्र भंगारात शिरतं आणि भंगारातल्याच इलेक्ट्रॉनांना पुढे-मागे हुसकतं. ते धडपडतात, अणूंना आपटतात, लोखंड तापतं. बाहेरच्या नळीतला एकही इलेक्ट्रॉन भंगारात जात नाही. लोखंड आपल्याच इलेक्ट्रॉनांच्या धावपळीने १,५३८ अंशांना वितळतं. घरातल्या दिव्याचंही तसंच आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून पाच अँपिअर जात असताना सेकंदाला ३०० परार्धांवर इलेक्ट्रॉन एका जागेवरून सरकतात, पण एकेकाची चाल सेकंदाला पाव मिलिमीटर एवढीच. आणि वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावत असल्याने तो जागच्या जागीच मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा पुढे-मागे होत राहतो. महिनाअखेरीला आपण ज्याचं बिल भरतो, ते हे हेलकावे.

भट्टीतला माल तयार होत आला की एक माणूस लांब दांड्याच्या चमच्याने थोडा रस काढून साच्यात ओततो. पेढ्याएवढा तुकडा पाण्यात टाकून थंड करतात, घासून त्याचं तोंड चकचकीत करतात आणि प्रयोगशाळेत नेतात. तिथल्या तपासणीच्या यंत्राला सगळे नुसतं 'स्पेक्ट्रो' म्हणतात. तुकडा यंत्राच्या छिद्रावर उपडा ठेवतात, वरून दाब देतात, आत ठिणगी पडते आणि चर्र आवाज येतो. तुकडा उचलला की त्यावर काळसर कडेचा गोल डाग दिसतो. ठिणगीने अणूंमधले इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडालेले असतात. खाली येताना प्रत्येक मूलद्रव्याचा इलेक्ट्रॉन आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश टाकतो. लोखंडाची एक ठळक रेषा जांभळ्याच्या पलीकडे, ३७२ नॅनोमीटरवर पडते. तो प्रकाश सेकंदाला आठ जलधी वेळा कंप पावतो. कार्बनचा रंग वेगळा, मँगनीजचा वेगळा, गंधकाचा वेगळा. अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर आकडे येतात आणि प्रयोगशाळेतून भट्टीवर निरोप जातो: कार्बन पाव टक्का. वजनाने पाव टक्का, पण अणू मोजले तर दर ८५-८६ लोखंडाच्या अणूंमागे एक अणू कार्बनचा. एवढ्या एका शेजाऱ्याने मऊ लोखंडाचं पोलाद होतं.

एकदा मी तिथे गेलो होतो तेव्हा त्या काळ्या डागाकडे बराच वेळ पाहत राहिलो होतो. परार्धांच्या आतलं काहीतरी वाचून घेतल्याची तेवढीच खूण मागे राहते.

भट्टीला मात्र एक गोष्ट जमत नाही. थंड भंगार १,६०० अंशांवर न्यायला दर अणूला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे साठ कोटी पट ऊर्जा एका लोखंडाच्या केंद्रकाचे सगळे कण सुटे करायला लागेल. माणसाच्या दृष्टीने नरक असलेली ती धग केंद्रकापर्यंत पोचतच नाही. सायकलची फ्रेम वितळते, पत्र्याचा डबा वितळतो, जुन्या नांगराचा फाळ वितळतो, पण आतला एकही २६ हलत नाही. याची काळी बाजूही आहे. कोबाल्टच्या केंद्रकात २७ प्रोटॉन, म्हणजे लोखंडाहून एकच जास्त. त्याचा कोबाल्ट-६० हा प्रकार किरणोत्सारी असतो आणि एका ग्रॅममध्ये सेकंदाला ४० लाख कोटींच्या वर केंद्रकं फुटत असतात. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१०च्या एप्रिलमध्ये असा कोबाल्ट उघडा पडला आणि एका कामगाराचा जीव गेला. असा तुकडा भट्टीत गेला तर जळून निकामी होत नाही, उलट सगळ्या सळयांत सारखा मिसळतो. म्हणून भंगाराच्या गाड्या आत घेण्याआधी किरणोत्सार मोजणारं यंत्र लागतं. ती मोजणी कुणीही कंटाळून टाळू नये असं मला फार वाटतं, कारण भंगार हाताने निवडणारी माणसं आपल्याच गावची आहेत.

'जालना सोन्याचा पाळणा' म्हणतात. लोखंड आणि सोनं यांत शेवटी फरक मोजणीचाच आहे: २६ आणि ७९. मधले ५३ प्रोटॉन कुठल्याही भट्टीत घालता येत नाहीत, ते घालायला फुटणारे तारे किंवा एकमेकांवर आदळणारे तारे लागतात. आपल्या सळईतलं लोखंडही ताऱ्यांच्या आयुष्याच्या शेवटी घडलं. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची. हे अणू तिच्याही आधीचे. अंगणात पडलेल्या थंड सळईतसुद्धा ते स्वस्थ नसतात, सरासरी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या वर वेगाने जागच्या जागी थरथरत असतात, हवेतल्या आवाजापेक्षा जोरात. भट्टीत तोच वेग नऊशे मीटरवर जातो.

आणि आणखी आत गेलं की वजनही हातातून निसटतं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे प्रत्येकी तीन क्वार्कांचे, पण त्या तीन क्वार्कांचं स्वतःचं वस्तुमान प्रोटॉनच्या जेमतेम एक टक्का भरतं. उरलेले ९९ टक्के म्हणजे क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बळाची आणि त्यांच्या हालचालीची ऊर्जा. वजनकाट्याच्या पावतीवर जे टन छापले होते, त्यांतला बहुतेक भाग हा असा.

मी भट्टी पाहायला गेलो तेव्हा चमच्याने रस काढणारा माणूस मला म्हणाला, "सर, लांब उभे राहा." त्याच्या सदऱ्याला ठिणग्यांची बारीक भोकं पडलेली होती. गळ्यातल्या गमछ्याने तोंड पुसून त्याने मडक्यातलं पाणी प्यायलं. प्रौढ माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोखंड असतं, त्यातलं बरंचसं रक्तात. एकेका तांबड्या पेशीत शंभर कोटींहून जास्त लोखंडाचे अणू, प्रत्येकात २६ प्रोटॉन, आणि तो श्वास घेईल तेव्हा प्राणवायूला धरणारे तेच. त्याने पेला उपडा ठेवला, थंड झालेला तुकडा चिमट्याने उचलला आणि प्रयोगशाळेकडे निघाला.